सैल दोराची विद्या

मी नऊ वर्षांचा असताना एका घोड्यावरून पडलो. मे महिना होता, थंड हवेचं ठिकाण होतं, लाल मातीची वाट होती आणि 'राजा' नावाच्या तांबूस घोड्यावर बसून मी स्वतःला बाजीराव समजत होतो. एका वळणावर वाऱ्यानं वेफर्सचं चंदेरी पाकीट झुडपातून उडालं आणि राजा बुजला. म्हणजे तो माझ्या अंगाखालून दोन हात बाजूला सरकला. मी होतो तिथेच क्षणभर हवेत राहिलो आणि मग करवंदीच्या जाळीत गेलो. घोडेवाल्यानं आधी मला उचलून झटकलं. मग राजाला ओढत त्या पाकिटासमोर आणून उभं केलं आणि चाबकाचे पाच-सहा फटके ओढले. "नाटकं करतो, साहेब," तो वडिलांना म्हणाला. "आता बघा, परत नाही करणार." संध्याकाळी परतताना त्या वळणाच्या वीस पावलं अलीकडेच राजा थांबला. पाकीट केव्हाच दरीत गेलं होतं. वळण मात्र तिथंच होतं.

घोडेवाल्यावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याच्या बापानं त्याला हेच शिकवलं असणार. पण त्या दुपारी राजा काय शिकला? 'चंदेरी वस्तू दिसली की पाठीवर आग उठते', एवढंच. आधी त्याला पाकिटाची नुसती शंका होती, फटक्यांनी ती खरी ठरवली. हे मला कळायला पुढे पंचवीस वर्षं गेली, आणि कळलं ते एका फार जुन्या ग्रीक माणसाकडून. झेनोफन हा अथेन्सचा घोडेस्वार, सॉक्रेटिसच्या शिष्यांपैकी एक. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात त्यानं घोडेस्वारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. घोडा एखाद्या वस्तूला घाबरला तर त्याला मारू नये, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. कारण मग ती वेदना त्या वस्तूमुळेच झाली असं तो धरून चालतो. रागात असताना घोड्याजवळ जाऊच नये, असंही त्याचं म्हणणं आहे.

म्हणजे ही विद्या तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली होती. आपल्याकडेही ती अगदीच परकी नव्हती. महाभारतातल्या नलोपाख्यानात नळ राजा बाहुक होऊन ऋतुपर्णाचा सारथी होतो. ऋतुपर्णाकडून तो फाशांची विद्या घेतो, अक्षहृदय. आणि बदल्यात त्याला देतो ते अश्वहृदय. विद्येच्या नावातच हृदय आहे. आपल्या बोलीनं मात्र घोडा शिकवणाऱ्याला जे नाव ठेवलं ते 'चाबुकस्वार'. फारसीतून आलेला शब्द, पागांच्या काळात रुळलेला. आधी चाबूक, मग स्वार. हृदयापासून चाबकापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, यावर कुणीतरी एकदा नीट लिहायला हवं. मी घोड्याकडे वळतो.

घोडा बुजतो तेव्हा तो नाटक करत नसतो. तो गवत खाणारा प्राणी आहे आणि त्याच्या पूर्वजांना खाणारे प्राणी गवतातूनच यायचे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांतलं जग एकाच वेळी दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं. आपण प्रेमानं कपाळावर हात ठेवायला सरळ समोरून जातो, ते नेमकं या न दिसणाऱ्या जागेतून. आपल्याला मुळीच ऐकू न येणारे तीव्र आवाज त्याला येतात. शांत उभ्या घोड्याचं काळीज मिनिटाला तीस-चाळीस वेळा धडकतं, पळताना ते दोनशेच्या पुढे जातं. आणि त्याचा सगळा बचाव एकाच गोष्टीत आहे, पळण्यात. त्याला शिंगं नाहीत, झाडावर चढता येत नाही. लाथ आणि दात ही त्याची शेवटची हत्यारं, तीही पळायची वाट बंद झाल्यावरची.

'अडेल', 'खोडकर', 'मारका' ही घोड्याला लावली जाणारी विशेषणं आहेत. पण आपण दोर आवळून धरतो, तबेल्याच्या कोपऱ्यात कोंडतो, म्हणजे पळायची वाट आपणच बंद करतो. मग तो लाथ मारतो आणि आपण म्हणतो, खोड आहे. घोड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक अंगावरचे भोवरे मोजतं, कुठला शुभ, कुठला मालकाला खाणारा. त्या भोवऱ्यांपेक्षा दाढा बघितल्या असत्या तर निम्मं कोडं सुटलं असतं. धार आलेली दाढ गालात घुसत असेल, खोगीर खांद्यात रुतत असेल, पाठ दुखत असेल, तर घोडा सांगणार कसा? शर्यतीच्या तालमीतल्या घोड्यांच्या जठरात दुर्बिणीनं पाहिलं, तेव्हा दहातल्या आठ-नऊ घोड्यांना व्रण असल्याचं एकाहून अधिक पाहण्यांत आढळलं. कारण साधं आहे. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झरत असतं, कारण त्यानं दिवसातले बहुतेक तास चरत राहावं अशी त्याची घडण आहे. आपण त्याला दोन वेळा धान्याचा तोबरा बांधतो आणि मधले तास रिकामा ठेवतो. सू डायसन या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी स्वारीखालच्या घोड्याच्या चोवीस हालचालींची यादी केली आहे: कान मागे पाडणं, तोंड उघडं ठेवणं, शेपटी फटकारणं अशा. त्यातल्या आठ किंवा अधिक दिसल्या तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी, असं त्यांचं संशोधन सांगतं. म्हणून हळुवार शिकवण्याची पहिली पायरी मैदानावर नसते, डॉक्टरांकडे असते.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुण्याबाहेरच्या एका रायडिंग स्कूलच्या मैदानावर जाऊन बसलो. एक सात वर्षांची घोडी होती, शर्यतीतून निवृत्त झालेली. या घोड्यांची गंमत अशी की त्यांना लगामाचा अर्थ उलटा लागलेला असतो. आपण थांबवायला लगाम ओढतो. शर्यतीचा घोडा त्या ओढीवर भार टाकून आणखी वेग घेतो. नवशिका स्वार घाबरून ओढतो, घोडी आणखी पळते, आणि संध्याकाळपर्यंत ती 'वेडी' ठरते. या घोडीची दुसरी अडचण म्हणजे निळी ताडपत्री. पावसाळ्यात चाऱ्यावर टाकलेली ताडपत्री वाऱ्यानं फडफडली आणि दावं तोडून ती उधळली, तेव्हापासून ती त्या बाजूला जात नव्हती. (घोड्याला लाल रंग नीट कळत नाही, निळा आणि पिवळा कळतो. ताडपत्रीचा रंग निवडणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार!)

शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'ताई' म्हणत होते. ताईंच्या हातात लांब सैल दोर होता. ताडपत्री मैदानाच्या पार टोकाला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून पसरलेली. ताई घोडीला घेऊन तिच्या दिशेनं चालल्या आणि साठ-सत्तर पावलांवर थांबल्या. मला तर घोडीत काहीच फरक दिसला नव्हता. "कान बघा," ताई म्हणाल्या. दोन्ही कान पुढे रोखलेले, हनुवटी आवळलेली, श्वास वरच्या वर. त्या तशाच उभ्या राहिल्या. मिनिटभरानं एक कान बाजूला वळला. त्याच क्षणी ताई मागे फिरल्या आणि घोडीला ताडपत्रीपासून दूर घेऊन गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा थांबल्या, पुन्हा दूर. असं तासभर. त्या तासात अंतर जेमतेम तीस पावलांनी कमी झालं. शेजारी उभा असलेला सईस माझ्याकडे बघून हसला. बहुधा माझ्या चेहऱ्यावरचा कंटाळा त्याला दिसला असावा.

"तुम्ही तिला ताडपत्रीची सवय करताय ना?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "ताडपत्रीपासून निघून जाता येतं, हे तिला दाखवतेय. जाता येतं हे पटलं की ती थांबेल."

मला त्या दिवशी जे कळलं ते या एका वाक्यात आहे. हळुवारपणा म्हणजे गोड आवाज नाही, गूळ नाही, गळ्यात हात टाकणं नाही. दोर कधी सैल सोडायचा ते कळणं, एवढंच ते आहे. घोडा ओढीतून शिकत नाही, ओढ संपते त्या क्षणातून शिकतो. ती नेमकी कधी संपली, तो कान फिरवल्यावर की घाबरून उसळल्यावर, यावर तो काय शिकणार ते ठरतं. एक-दोन सेकंद उशीर झाला तर धडा दुसऱ्याच गोष्टीचा होतो. उसळल्यावर सोडलंत तर उसळायला शिकेल. ओढायला ताकद पुरते, सोडायला लक्ष लागतं, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाकडे तेच उरलेलं नसतं.

अमेरिकेत हा विचार गुरांच्या कुरणांवर राबणाऱ्यांतून पुढे आला, हे मला महत्त्वाचं वाटतं. ऑरेगनमधल्या शेतकरी कुटुंबातला टॉम डोरन्स, त्याच्याकडून शिकलेला रे हंट आणि त्या दोघांच्या हाताखाली तयार झालेला बक ब्रॅनमन, ही ती परंपरा. तोवर तिकडे कोऱ्या घोड्यावर खोगीर आवळून, तो थकून उभा राहीपर्यंत उसळू देण्याची रीत होती. तिला 'मोडणं' असंच म्हणत. डोरन्सनं प्रश्न फिरवला. घोड्याचं काय चुकतंय हे विचारण्याऐवजी घोड्याला आपण काय सांगतोय असं समजतंय, हे तो विचारू लागला. हंटची रीत म्हणजे चुकीचं करणं अवघड व्हावं आणि बरोबर ते सोपं, अशी मांडणी करून ठेवायची आणि वाट बघायची. ब्रॅनमनला लहानपणी बापाचा बेदम मार मिळाला होता. त्याच्यावर 2011 साली 'बक' हा माहितीपट आला. त्यात ब्रॅनमन स्वतःच्या मारापासून घोड्याच्या भीतीपर्यंत सरळ रेषा ओढतो आणि ती ओढताना आवाज चढवत नाही.

पण या क्षेत्रात जादूगारही पुष्कळ. 'घोड्याच्या कानात कुजबुजणारा' ही प्रतिमा कादंबरीनं आणि 1998च्या रॉबर्ट रेडफोर्डच्या सिनेमानं जगभर नेली. त्याच्या कितीतरी आधी, 1858 साली, ओहायोचा जॉन रेरी इंग्लंडात होता. क्रूझर नावाचा एक मारका घोडा त्याच्यापुढे उभा केला गेला. लोखंडी मुसकं चढवून ठेवलेला, जवळ येईल त्याला फाडणारा. रेरीनं काही तासांत त्याला शांत केलं आणि सारं लंडन त्याच्या मागे लागलं. व्हिक्टोरिया राणीनंही त्याचे प्रयोग पाहिले. त्याची युक्ती अशी होती: पुढचा एक पाय दुमडून पट्ट्यानं बांधायचा, घोडा झुंजून झुंजून दमला की त्याला आडवा करायचा आणि मग अंगभर हात फिरवायचा. चाबूक नव्हता, आरडाओरड नव्हती. त्या काळाच्या मानानं ही मोठीच दया होती. पण पळायची वाट पूर्ण बंद केली होती, आणि पळून उपयोग नाही हे कळलेला प्राणी शांत होतो तसा तो घोडा शांत झाला असावा, असं आजचे अभ्यासक म्हणतात.

आपल्याकडचा विक्रेता पाठीवर थाप मारून सांगतो, "भाऊ, एकदम गरीब जनावर आहे, पोरगं बसवा." गरीब घोडा आणि हरलेला घोडा लांबून सारखेच दिसतात. दोघेही हलत नाहीत. ताईंनी मला फरक दाखवला: गरीब घोड्याचे कान फिरत असतात, माशी बसली तर कातडी थरथरते, ओळखीचा माणूस आला तर मान वळते. हरलेल्याचं काहीच हलत नाही. वरातीसाठी उभ्या असलेल्या घोड्यांकडे एकदा या नजरेनं बघा.

मधल्या काळात कॅलिफोर्नियाच्या मॉन्टी रॉबर्ट्सनं गोल कुंपणाची रीत लोकप्रिय केली. 1989मध्ये त्यानं ती विंडसरला एलिझाबेथ राणीपुढे करून दाखवली. घोड्याला मोकळं सोडायचं, गोल पळवायचं, आणि त्यानं कान वळवला, मान खाली घातली, जिभेनं चाटल्यासारखं केलं की अंग वळवून पाठ फिरवायची. घोडा आपणहून मागे येऊन उभा राहतो. बघताना डोळ्यांत पाणी येतं. पण सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी याच रीतीनं माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी वापरून पाहिली. घोडे गाडीच्याही मागे येऊ लागले. म्हणजे घोड्यानं माणसाला 'पुढारी मानलं' वगैरे आपण आपलंच घोडं पुढे दामटण्यासाठी रचलेल्या गोष्टी. पाठलाग थांबला तिथं तो आला, एवढंच खरं. यातून रॉबर्ट्स खोटा ठरत नाही. दोर सैल सोडण्याचंच काम तो दोराशिवाय करत होता.

डेन्मार्कमधला एक प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत कामाचा वाटतो, कारण त्यात नाट्य नाही. यान्ने विंथर क्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांचे 27 नर घोडे घेतले आणि त्यांना एका फडफडणाऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय लावायची ठरवलं. एका गटाला पिशवी पूर्ण जोरानं दाखवत राहिले, एका गटाला पिशवीबरोबर खाऊ दिला, आणि एका गटाला तीच पिशवी अगदी थोड्या हालचालीपासून सुरू करून पायरीपायरीनं वाढवत नेली. पायरीपायरीच्या गटातले सगळे घोडे शिकले. बाकी गटांत काही घोडे शेवटपर्यंत शिकले नाहीत. खाऊसुद्धा पुरला नाही, कारण भीतीचा डोस मोठा होता. 2006 साली प्रसिद्ध झालेला हा निबंध वाचताना मला सारखी ती ताडपत्री आणि साठ पावलं आठवत होती.

स्वीडनमधला प्रयोग तर माणसालाच उघडा पाडतो. लोकांना घोडा धरून एका वाटेवरून चार वेळा चालायला सांगितलं. चौथ्या वेळी सांगितलं, आता वाटेत छत्री उघडली जाणार आहे. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खुरानं टापा देऊन गणितं सोडवायचा; ऑस्कर फुंग्स्टनं शोधून काढलं की तो समोरच्या माणसाच्या डोक्याची, त्यालाही नकळत होणारी हालचाल वाचत होता. लोक म्हणाले, घोडा फसवा निघाला. मला वाटतं, गणितापेक्षा ते वाचणंच अवघड आहे. घाबरलेल्या घोड्याजवळ जाताना आपला श्वास आधी खाली आणा, असं ताई सांगतात तो उपदेश नव्हे, हत्यार आहे. आणि जवळ पोचलात तर थाप मारू नका, मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथं खाजवा. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात, आणि तिथं खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात हे मोजून पाहिलेलं आहे.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की धीर धरला की प्रत्येक घोडा सुधारतो. तसं नाही. 'बक'मध्येच एक पिवळसर तरुण घोडा आहे. जन्मताना प्राणवायू कमी पडलेला, आईविना वाढलेला, माणसाच्या अंगावर जाणारा. चित्रीकरण चालू असताना तो एका माणसाला चावून रक्तबंबाळ करतो. ब्रॅनमन त्याच्याबरोबर काम करतो, पण घोड्याची मालकीण शेवटी त्याला मरण द्यायचं ठरवते. माहितीपटात हा भाग ठेवला, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो.

आणि काही घोडे आपल्या डोळ्यांसमोर दर आषाढात अशक्य वाटावं असं काहीतरी करून दाखवतात, पण आपण ते शिकवणीच्या नजरेनं कधी बघत नाही. आषाढी वारीसाठी ज्ञानेश्वर माउलींचे अश्व अंकलीहून, शितोळे सरकारांकडून आळंदीला येतात. पंढरीच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. लाखो माणसं, हजारो टाळ, मृदंग, पताका, वरून ढग, खाली चिखल. आणि त्या माणसांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून अश्व भरधाव जातो. टाप पडली तिथली माती लोक कपाळाला लावतात. जगातला कुठलाही पळणारा प्राणी या गर्दीतून सुटायला बघेल. पण दोन घोडे असतात: एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नाही, ती जागा माउलींची. क्रिस्टेन्सेन बाईंच्याच आणखी एका प्रयोगात दिसलं होतं की सरावलेला शांत सोबती जवळ असेल तर नवखा घोडा कमी घाबरतो. दिंडीतल्या कुणी तो निबंध वाचलेला असण्याचं कारण नाही. पण नवं जनावर जुन्याच्या जोडीनं चालवायचं, हे आपल्याकडच्या बैलवाल्यालाही माहीत असतं. शिवाय हे अश्व अंकलीपासून आळंदीपर्यंत गावं, बाजार, ढोल, फटाके यांतून दिवसचे दिवस पायी चालत येतात. पायरीपायरीनं म्हणतात ते हेच.

ताईंची घोडी नवव्या दिवशी ताडपत्रीवर उभी राहिली. मी तिथं नव्हतो, फोनवर कळलं. आधी तिनं ताडपत्री हुंगली, मग पुढचा डावा खूर ठेवला, खडखडाट झाला तसा उचलला, आणि पुन्हा ठेवला. ताईंनी लगेच तिला तबेल्यात नेऊन त्या दिवसाचं काम संपवलं.

दिवाळीत फटाके सुरू होतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर वराती निघतात. घोडा ठरवणार असाल तर ठरवतानाच मालकाला सांगा की डीजे घोड्याच्या बराच मागे राहील, आणि फटाक्यांची माळ घोडा पुढे निघून गेल्यावरच लावली जाईल. घोडा थबकला तर त्याला लगामानं ओढू देऊ नका, मिनिटभर थांबू द्या. तेवढ्यानं मुहूर्त टळत नाही.